कुवारगडाची पाटी

माझं जे काही लिखाण आजवर लोकांनी वाचलं, त्यात सगळ्यांत जास्त वाचली गेलेली गोष्ट म्हणजे एक पत्र्याची पाटी. पिवळ्या रंगावर काळी अक्षरं, चार कोपऱ्यांना चार भोकं. अक्षर माझं, मजकूर विद्याधरचा आणि चूक आम्हा अकरा जणांची. परवा माझ्या नातीनं, आर्यानं, फोनवर त्या पाटीचा फोटो दाखवला आणि म्हणाली, "आजी, बघ ना, काय व्हिंटेज फॉन्ट आहे!" फॉन्ट म्हणे! त्या फॉन्टपायी मी दोन रविवार घालवले होते आणि आठवडाभर हाताला टर्पेंटाइनचा वास येत होता. पण ते तिला सांगायचं तर पुढचंही सांगावं लागलं असतं, आणि पुढचं मी इतक्या वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. त्यांना सांगून उपयोगही नव्हता म्हणा. डोंगर फक्त कॅलेंडरवर बघायचे असतात अशा मताचे गृहस्थ होते ते.

या पाटीची सुरुवातही एका पाटीनंच झाली. आम्ही मूळचे अकोल्याकडचे. वडिलांची बदली पुण्याला झाली आणि कोथरूडमधल्या एका नव्या सोसायटीत, पहिल्या मजल्यावर, आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. तेव्हाचं कोथरूड म्हणजे चार इमारती आणि त्यांच्या मधे कुणाचीतरी ज्वारी. पेठेतली माणसं "इतक्या लांब राहता?" असं तोंडावर विचारायची, जणू काही आम्ही रस्ता चुकून तिथं उतरलो होतो. आईनं येताना पाटा-वरवंटा आणला होता. ट्रकमध्ये जागा कमी पडली तेव्हा कपाट मागे राहिलं, पाटा मात्र पहिला चढला. रोज दुपारी जेवणं झाली की ती लोखंडी तव्यावर जवस भाजायची, लाल मिरच्या भाजायची, आणि मग घर्र घर्र करत पाट्यावर चटणी वाटायची. त्या वासानं घरात सगळ्यांना शिंका यायच्या आणि सगळ्यांना पुन्हा भूक लागायची. वडील शिंकत शिंकत म्हणायचे, "जमली वं आज!" मग अर्धी पोळी आणखी खायचे.

खालच्या मजल्यावर लिमये काका राहायचे. पुण्यातला माणूस भांडायला वर येत नाही, त्याला जिने चढायचा कंटाळा असतो. तो पाटी लावतो. एके दिवशी जिन्यात पुठ्ठा लटकला: 'दुपारी २ ते ४ वाटणघाटण करू नये. येथे माणसे राहतात.' वडिलांनी तो चष्मा लावून वाचला. "मंग आपण कोण आहो?" एवढंच म्हणाले. ते भांडणारे नव्हतेच, पण त्या दिवशी त्यांना काय झालं कोण जाणे, त्यांनी मला बसवून उलट पाटी लिहून घेतली: 'वाटण दोनच्या आत आटोपेल. वास मात्र चारपर्यंत येईल. त्यास इलाज नाही.' माझं अक्षर लहानपणी त्यांनीच बोरूनं घटवून घेतलेलं. मी ते चार इंची अक्षर असं काढलं, की लिमये काका वाचायला थांबले आणि रागवायचं विसरले.

रविवारी काकांकडे त्यांचा पुतण्या जेवायला यायचा. तो विद्याधर. उंच, सडपातळ, खाकी अर्धी चड्डी, आणि चेहरा असा की समोरच्याची शिकवणी आत्ताच सुरू होणार. पाटी वाचून तो थेट वर आला. आईला वाटलं, आता पोलीस.

"हे अक्षर कोणाचं?"

"माझं," मी म्हणाले.

"मजकूर सामान्य आहे. अक्षर उत्तम." आणि मग, जरा थांबून, "आपण डोंगर चढता का?"

पुण्यात आल्यापासून माझं कुणी केलेलं हे पहिलं कौतुक. मी अकोल्याची सपाट जमीन पाहून वाढलेली. डोंगर म्हणजे मला भूगोलाच्या पुस्तकातली तपकिरी रेघ. मी म्हणाले, "हो, चढते की."

मंडळाचं नाव लांबलचक होतं, संस्कृत होतं आणि एका दमात म्हणता येत नसे, म्हणून सगळे नुसतं मंडळ म्हणायचे. विद्याधर त्याचा प्रमुख. वय असेल चोवीस-पंचवीस, पण आम्ही त्याला अरेतुरे करत असलो तरी आवाज आपोआप 'अहो'चा लागायचा. मंडळाचे नियम होते एकवीस, सायक्लोस्टाइल करून वाटलेले. पोळी किती जाडीची असावी इथपासून शिट्टी कुणी कधी वाजवावी इथपर्यंत. त्यातला सातवा नियम मला आजही तोंडपाठ आहे: 'मार्गात ग्रामस्थांना वाट विचारू नये. अभ्यास करून निघालेल्यास वाट विचारावी लागत नाही.' नियम मोडला की मंडळातून नाव कमी. एका मुलानं पिण्याच्या पाण्याची चौकशी करताना ओघात वाटही विचारली होती, त्याचं नाव कमी झालं होतं. पुढं तो कुठल्याशा मोठ्या पदावर गेला म्हणतात, पण मंडळाच्या लेखी तो वाट विचारणाराच राहिला.

आणि दुसरी प्रथा पाटीची. प्रत्येक गडावर मंडळ स्वतःची एक पाटी लावायचं. वर गडाचं नाव, खाली इतिहास, त्याच्या खाली सूचना. सूचना इतिहासापेक्षा लांब असायच्या. आधीचा पाट्या रंगवणारा मुलगा नोकरीला मुंबईला गेला होता, आणि म्हणून माझी गरज पडली होती, हे मला कळत होतं. कळूनही मी गेले. कॉलेजात माझ्या तोंडून एकदा 'मले' निघालं होतं, त्याचं पुढं वर्षभर गाणं झालं. मला सगळे 'नागपूर' म्हणायचे. आम्ही अकोल्याचे, पण पुण्याच्या लेखी दौंडच्या पुढं सगळं नागपूरच. मंडळात तसं कुणी म्हणत नसे. तिथं मी 'उमेदवार' होते. वर्षभर उमेदवारी केली की गळ्यात पितळी शिट्टी मिळायची, आणि शिट्टी गळ्यात असली की डेक्कनवर, लकडी पुलावर, कुठंही मंडळाची माणसं मान हलवून ओळख द्यायची. मला ती शिट्टी हवी होती. लाज वाटते सांगायला, पण अठराव्या वर्षी मला नवरा, नोकरी, देव यांतलं काही नको होतं. शिट्टी हवी होती. ती मिळाली की मी इथली होणार होते.

कुवारगडाची मोहीम ठरली तेव्हा विद्याधरनं मला सांगितलं, "ही नीट झाली की आपली शिट्टी पक्की." मी पाटी रंगवली. 'किल्ले कुवारगड' हे सहा इंची अक्षरात, त्याखाली सोळा ओळींचा इतिहास, त्याखाली 'मोठ्याने बोलू नये. नावे कोरू नयेत. माहिती नसल्यास सांगू नये.' शेवटचं वाक्य विद्याधरचं आवडतं होतं.

शनिवारी पहाटे निघायचं होतं. आईनं पोळ्या लाटताना तोंड सोडलं होतं. "त्या डोंगरात काय ठेवलं हाये वं? भूक लागली त कोनाले मांगशीन?" मंडळाचा शिदोरीचा नियम होता: पोळ्या, बटाट्याची सुकी भाजी, गूळ. तिखट नको, तहान लागते. आईला नियम वगैरे कळत नव्हते. तिनं भाजीच्या डब्याखाली गुपचूप जवसाच्या चटणीची पुरचुंडी सरकवली. स्वारगेटला सगळ्यांची पोतडी तपासली गेली. ती पुरचुंडी विद्याधरनं दोन बोटांत धरून नाकाशी नेली. "हा दारूगोळा कोणाचा?" सगळे हसले. मीही हसले. आपल्या आईच्या चटणीवर लोकांबरोबर हसायला मला तिथंच जमलं, आणि ते सोपं गेलं, याचं आज मला जास्त वाईट वाटतं.

एसटीनं पायथ्याच्या गावी उतरलो. अकरा जण, चार कापडी तंबू, एक पातेलं, तांदूळ-डाळ आणि पाटी. पाटी पाठीवर बांधायची पाळी दर अर्ध्या तासानं बदलायची असा नियम, पण उमेदवाराची पाळी बदलायची नाही असा पोटनियम. पत्रा दर पावलाला माझ्या पाठीत खडाड खडाड वाजत होता, आणि गावातली कुत्री त्या आवाजानं मागं लागली होती. गावाबाहेर ओढा लागला, आणि ओढ्यापलीकडे वाट फुटली, एक डावीकडे, एक उजवीकडे. तिथं एक म्हातारबुवा बैल धूत होते.

"कुठं निघाला, पाव्हणं?" त्यांनी विचारलं.

"आम्हांला माहीत आहे," विद्याधर म्हणाला.

म्हातारबुवांनी बैलाकडे बघितलं. बैलानं त्यांच्याकडे. मग ते पुन्हा पाणी मारायला लागले.

विद्याधरनं पिशवीतून नकाशा काढला. तो त्यानं स्वतः, कुठल्याशा जुन्या नकाशावर बटर पेपर ठेवून, पेन्सिलीनं छापून घेतला होता. वाटा, ओढे, डोंगर, सगळं बारीक आणि सुरेख, पण नाव एकही नाही. मी म्हणाले होते, नावं घालून देते, माझं अक्षर आहे ना. तर म्हणाला, "ज्यानं अभ्यास केलाय त्याला नावं लागत नाहीत." आता बटर पेपर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. नावं असती तर तो उलटा धरलाय हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. विद्याधरनं तो आकाशाकडे धरला, डोळे बारीक केले, आणि शांतपणे म्हणाला, "डावी." अकरा जण डावीकडे वळले.

चढ खडा होता. पाटीची सुतळी खांद्यात रुतली म्हणून मी मागं पडले. सगळ्यांच्या मागं राहायचं काम शरयूचं होतं, विद्याधरच्या मावसबहिणीचं. पण तिला पुढं राहून त्याच्या बरोबरीनं चालायचं होतं, त्यामुळं ती केव्हाच दिसेनाशी झाली होती. मी एका दगडावर बसले. करवंदीच्या जाळीतून आधी घंटा ऐकू आल्या, मग शेळ्या आल्या, आणि त्यांच्या मागं एक बाई. पन्नाशीची असेल, मला तेव्हा म्हातारी वाटली. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात काठी, आणि कपाळावर हिरवं गोंदण.

"पाठीवर काय वं हे? दाराची फळी?" ती म्हणाली.

मला हसू आलं. खूप दिवसांनी कुणीतरी माझ्या आईसारखं विचारत होतं. मी म्हणाले, "पाटी हाये आजी. वर गडावर लावाची हाये. किती राह्यलं मले सांगा ना." आणि तोंडून 'मले' निघालं तरी ती हसली नाही, तिला ते खटकलंही नाही.

"गडावं? मग हिकडं कुठं मरायला आलीस? ह्यो बोडक्या. ह्यावर काय बी न्हाई, माजी शेरडं चरत्यात. गड त्यो." तिनं काठीनं दरीपलीकडं दाखवलं. तिथं एक रुंद डोंगर होता, आणि त्याच्या कमरेला काळी रेघ दिसत होती. नीट पाहिलं तेव्हा कळलं, ती तटबंदी होती. एक बुरूजही होता, लख्ख दिसणारा. "वड्यापास्नं उजवीकडं वळायचं. अजून उतरा, दिस हाय. हितं वर पाण्याचा थेंब न्हाई."

तिचं नाव ठकूबाई. खालच्या अंगाला धनगरवस्तीवर तिचं घर होतं. तिनं मला मडक्यातलं ताक दिलं. मी तिला काय देणार? पोतडीत हात घातला आणि ती पुरचुंडी दिली, जिच्यावर आम्ही सकाळी हसलो होतो. तिनं तिथंच एक बोट चाटलं, डोळे मिटले. "झ्याक हाय," म्हणाली. "कुणी केली?" मी सांगितलं, आईनं. मग ती शेळ्यांच्या मागं गेली आणि मी वर गेले. चढताना मनात एकच गोष्ट: सांगायचं. पण सांगितलं की पहिला प्रश्न येणार, तुला कोणी सांगितलं? आणि त्याचं उत्तर म्हणजे नियम सात. तरी मी ठरवलं, सांगायचंच. स्वतःच्या धैर्यावर मी इतकी खूश झाले, की उरलेला चढ मला जाणवला नाही.

माथ्यावर पोहोचले तेव्हा गडदर्शन सुरू झालं होतं. माथा म्हणजे एक गवताळ माळ, मधे दगडांचा एक ढीग आणि एका बाजूला काट्याकुट्यांचं कुंपण घातलेलं शेरडांचं आवार. विद्याधर हात मागं बांधून उभा होता. "ही सदर," तो ढिगाकडं बोट करून म्हणाला. "आणि ही पागा. घोडी लहान चणीची असावीत." कुणीतरी विचारलं, तटबंदी कुठं आहे? "ढासळली." पाण्याचं टाकं? "बुजलं." आणि मग त्यानं दरीपलीकडं हात केला, त्या बुरुजाकडं, त्या लख्ख तटाकडं, आणि म्हणाला, "समोरची ती नुसती टेकडी. टेहळणीसाठी वापरत असावेत. किरकोळ बांधकामाच्या खुणा दिसतात, बघा." नऊ जणांनी बघितलं. नऊ जणांनी माना डोलावल्या. मला आजही कळत नाही, त्या नवांत किती जणांना दिसत होतं.

"विद्याधर," मी म्हणाले, "मला वाटतं..."

"वाटतं? संदर्भ काय?"

संदर्भ होता. खाली शेरडं हाकत होता. मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात त्यानं खिशात हात घालून ती काढली. पितळी, नवी, लाल गोफात ओवलेली. "बोलण्याआधी एक सांगतो. वनमालाबाईंनी आज पाटी एकटीनं वर आणली. पाटी लागली की यांना शिट्टी." वनमालाबाई! कोणी टाळ्या वाजवल्या. शरयूनंसुद्धा वाजवल्या. मी तोंड मिटलं. अहो, इतकं सोपं असतं ते. घसा दुखत नाही, काही होत नाही.

पाटी लागली. दोन बांबू रोवले, दगड रचले, भोकांतून तार ओढली. 'किल्ले कुवारगड.' विद्याधरनं इतिहासाच्या सोळाही ओळी मोठ्यानं वाचल्या, आणि मग माझ्या गळ्यात शिट्टी घातली. मी ती वाजवली. आवाज समोरच्या बुरुजावर आपटून परत आला.

नंतर खिचडीचा विषय निघाला आणि सगळ्यांना आठवलं, की टाकं बुजलंय. अकरा बाटल्या मिळून पातेलं अर्धंसुद्धा भरेना. नियम बघण्यात आले. पाण्याबद्दल नियम नव्हता. सगळे एकमेकांकडे बघत असताना माळाच्या कडेनं आधी एक हंडा वर आला, मग त्याखाली ठकूबाई. डोक्यावर पाण्याचा हंडा, हातात ताकाचं मडकं. तेवढा चढ ती आमच्यासाठी पुन्हा चढली होती. "हितं पाणी न्हाई म्हनून आणलं," ती म्हणाली. "पोरं तान्हेली मरतील." मग तिनं पाटीकडं बघितलं. तिला वाचता येत नव्हतं. "काय लिवलंय?"

"कुवारगड," शरयू म्हणाली.

"ह्यो? ह्यो बोडक्या हाय. गड त्यो पल्याड. सांगितलं की मगाशी." आणि ती माझ्याकडं वळली. "पोरी, सांगितलं न्हाईस व्हय गं ह्यान्ला?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. विद्याधरही. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. त्यात राग नव्हता, घाबरलेपण होतं. त्याला उत्तर ऐकायचं नव्हतं. "वनमालाबाई," तो हळू म्हणाला, "आपण यांना वाट विचारलीत?"

शिट्टी माझ्या मुठीत होती. नवीन पितळेला वास येतो, तो येत होता.

"नाही," मी म्हणाले. शुद्ध, पेठेतल्या मराठीत. "मी यांना ओळखत नाही. यांचा काहीतरी गैरसमज झाला असावा."

ठकूबाई माझ्याकडं बघत राहिली. तिच्या कमरेला पदराच्या गाठीत माझ्या आईची पुरचुंडी होती; चटणीच्या तेलाचा डाग पदरावर उतरला होता. तिनं गाठ सोडून दाखवली असती तर संपलंच होतं. तिनं गाठीवर हात ठेवला, तसाच राहू दिला. "बरं बाई," ती म्हणाली. "मला म्हातारीला काय कळतंय. दुसरी कुनी आसंल."

"आजी, आपली माहिती ऐकीव आहे," विद्याधरच्या जिवात जीव आला होता. "आमच्याकडे लेखी आहे." आणि तो तिचं ताक प्यायला. सगळे प्यायले. मीही प्यायले. ती हंडा रिकामा होईपर्यंत बसून राहिली आणि मग उतरून गेली, आणि मी तिच्याकडं बघावं लागू नये म्हणून तंबूचे खुंटे ठोकत होते.

अहवालात लिहिलं गेलं: 'गडावरील टाक्यातील पाणी आटले होते. पायथ्याच्या वस्तीने सहकार्य केले.' अक्षर माझंच. पुढच्या महिन्यात मंडळाच्या नियमांत बाविसावा नियम आला: 'पार पडलेल्या मोहिमेची पुनश्च चर्चा करू नये.' त्या दिवशी मला कळलं की विद्याधरला कळलंय. घरी जाऊन त्यानं बटर पेपर सुलटा केला असणार. पण नियम मोडून चूक कबूल करणं आणि नियम वाढवून ती मिटवणं यांत पुणेरी माणूस काय निवडणार, हे सांगायला का पाहिजे? मी ती शिट्टी चार वर्षं मिरवली. आईनं पोतडी रिकामी करताना विचारलं होतं, "चटनी खाल्ली का वं त्याईनं?" मी म्हणाले, हो, सगळ्यांना आवडली. ती इतकी खूश झाली की पुढच्या मोहिमेला दुप्पट दिली. ती मी स्वारगेटच्या आधीच फेकली.

विद्याधर आता बिबवेवाडीला असतो. गडांवर व्याख्यानं देतो, आणि फोनवर लोकांच्या शुभेच्छांमधल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढतो. कुवारगडाचा विषय निघाला की त्याला तातडीचं काम आठवतं. माझं काही वेगळं नाही. मी विषयच निघू देत नाही.

पण परवा आर्यानं तो फोटो दाखवला. ती वाघोलीच्या कॉलेजात शिकते आणि शनिवार-रविवार तिच्या मित्रमैत्रिणींचं 'कॅम्पिंग' असतं. "आजी, हा कुवारगड! सगळे जातात. वरपर्यंत गाडी जाते, टेन्ट रेडी असतात, बार्बेक्यू पण. तू चल ना, चिल आहे एकदम." मी तिला म्हणाले, येते. तिला वाटलं मी थट्टा करतेय. मी गुडघ्याला पट्टा बांधून गाडीत जाऊन बसले, तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. आजीला 'चल' म्हणायचं असतं, आजीनं चलायचं नसतं.

बोडक्यावर आता कच्चा रस्ता गेलाय. माळावर रंगीबेरंगी तंबू, स्पीकर, खुर्च्या आणि 'कुवारगड पॉइंट' लिहिलेली कमान. फोनमधला नकाशासुद्धा इथंच आणून सोडतो. दगडांच्या ढिगाभोवती साखळी लावून 'ऐतिहासिक सदर' असं लिहिलंय. शेरडांच्या आवारात दुचाक्या लावतात. म्हणजे पागा झाली म्हणायची एकदाची. आणि मधोमध माझी पाटी. बांबूंच्या जागी लोखंडी खांब आलेत, कुणीतरी माझ्याच अक्षरांवरून नवा काळा रंग फिरवलाय. शेजारी उभी राहून पोरं फोटो काढत होती. 'माहिती नसल्यास सांगू नये' या ओळीखाली एक मुलगा आपल्या मैत्रिणीला इतिहास सांगत होता. समोर दरीपलीकडं तो बुरूज तसाच होता, आणि तिकडं चिटपाखरूही नव्हतं.

चहाच्या टपरीवर पन्नाशीकडे झुकलेला एक माणूस होता. तंबू त्याचे, टपरी त्याची. सोपान त्याचं नाव. कपाळ हुबेहूब ठकूबाईचं, फक्त गोंदण नव्हतं; तो कुणाचा कोण ते मला विचारावं लागलं नाही. आर्या आणि तिची गँग शेजारी कांदाभजी खात होती. मी मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं:

"दादा, कुवारगडाला वाट कुठनं जाते?"

पोरं फिस्सकन हसली. "आजी, अगं, यू आर ऑन इट!" आर्या म्हणाली. "पाटी वाच ना!"

सोपान हसला नाही. त्यानं चहाचं भांडं खाली ठेवलं. "गड पल्याड हाय, आजी. त्यो. वड्यापास्नं उजवीकडं." मग जरा ओशाळून म्हणाला, "मी लपवत न्हाई. इचारलं की सांगतो. पन पाटी हितं हाय, कोन इचारतच न्हाई. तुम्हीच पहिल्या."

"म्हणजे पाटी फेक आहे?" एक पोरगी म्हणाली. आर्यानं भजी खाली ठेवली.

"पुन्याची पोरं लावून गेली," सोपान म्हणाला. "माजी आज्जी सांगायची. त्यांच्यातल्या येका पोरीला तिनं सांगितलं हुतं, बाई, ह्यो गड न्हवं. पोरीनं आज्जीला चटणी दिली हुती. आज्जी मरस्तोवर त्या चटणीचं नाव काढायची. म्हनायची, चटणी लई झ्याक हुती, पोरगी तेवढी भित्री."

सगळे हसले. या खेपेला मला हसू आलं नाही. आर्या माझ्याकडं बघत होती; मी चहाचा पेला खाली ठेवला.

"चटनी माह्या मायच्या हातची होती," मी म्हणाले. "अन् ते पोट्टी मी."